नांदूर मध्यमेश्वरला दिसलेला काळ्या पोटाचा सुरय नक्की कुठला? ब्लॅक-बेलीड की व्हिस्कर्ड?

सुगरण_नाशिक

नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, पक्षी बघायला लागून दीडच वर्ष झालंय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आम्ही नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो, मी, मिस्टर आणि सासरे. मे महिन्यात तिथे काय दिसणार, थंडीतले पाहुणे तर कधीच गेले, असं मिस्टरांचं म्हणणं होतं, पण सासऱ्यांचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं, त्यांना गोदावरी बघितली की बरं वाटतं, म्हणून साडेपाचला घर सोडलं आणि सातच्या आत चापडगावच्या गेटवर. पाणी बरंच खाली गेलेलं, कडेला जलपर्णी, पण पक्षी होते की. हळदीकुंकू बदकं होती, शेकाट्यांची जोडी, जांभळ्या पाणकोंबड्या तर अगदी कोंबड्यांसारख्या फिरत होत्या. मनोऱ्यावर उभं राहिल्यावर पाण्यावर पांढरे-राखाडी सुरय (इंग्रजीत टर्न) फिरताना दिसले. नदी सुरय मला ओळखता येतो, पिवळी चोच, थंडीत भरपूर बघितलाय. पण त्यात चारपाच जण वेगळे होते. डोक्यावर काळी टोपी, गाल पांढराशुभ्र, आणि पोट काळपट, शाळेच्या पाटीसारखं. माझ्या तर अंगावर काटाच आला, कारण पुस्तकात ब्लॅक-बेलीड टर्नचं चित्र अस्संच आहे, आणि तो किती दुर्मीळ झालाय हे मी नुकतंच वाचलं होतं.

मिस्टरांनी अकरा फोटो काढले, त्यातले तीन बरे आलेत. मोबाइलमधल्या एका ॲपला फोटो दाखवला तर त्यानेही ब्लॅक-बेलीड टर्नच सांगितलं. मी लगेच आमच्या पक्ष्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, पटापट अभिनंदन आलं, पण ग्रुपमधल्या एका काकांनी एवढंच लिहिलं की "घाई करू नका, मे महिना आहे, व्हिस्कर्ड बघा." इ-बर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या वेबसाइटवर, यादी भरायला घेतली तर या नावापुढे दुर्मीळ म्हणून खूण आली आणि तपशील मागितला, तेव्हा मी थांबलेच, यादी अजून सबमिट केलेली नाही.

तर माझा प्रश्न असा, की या दोघांत फरक नेमका कशावरून करायचा? टोपी काळी, गाल पांढरा, पोट काळं, दोघांचं वर्णन वाचलं तर सारखंच वाटतंय मला. आणि व्हिस्कर्ड तर मी डिसेंबरमध्ये बघितलाय, तेव्हा तो खालून पूर्ण पांढरा होता!

निफाडचा_गडी

ताई फोटो टाकाच, पण फोटो बघायच्या आधी तुम्हाला आठवतंय तेवढं सांगा. पोट बाजूला ठेवा. चोच कुठल्या रंगाची होती? बसलेला दिसला का, शेपटी पंखांच्या पुढे जात होती का? आणि मासा धरताना पाण्यात धाडकन पडत होता की वरच्यावर टिपत होता? फोटो बघून आठवू नका, माणूस मग फोटोतलं बघून तेच आठवलं म्हणतो, मी स्वतः असं केलंय.

सुगरण_नाशिक

बरं, जसं आठवतंय तसं लिहिते.

चोच आधी मला काळीच वाटली. मग एक जण मनोऱ्याच्या अगदी जवळून गेला, ऊन समोरून पडलं होतं तेव्हा लाल दिसली. लाल म्हणजे भडक नाही, पिकलेलं करवंद फोडल्यावर आत दिसतं ना, तसं गडद. शेपटी मात्र आखूड. टोकाला थोडी खाच असावी इतकंच, लांब टोकं वगैरे नव्हती. आणि पाण्यात पडताना एकही बघितला नाही, खाली यायचे, चोच पाण्याला टेकवल्यासारखी करायचे की लगेच वर. जलपर्णीवरून असेच फिरत होते, मधेच गर्रकन वळून काहीतरी हवेतच धरायचे. नदी सुरय शेजारून गेला तेव्हा हा त्याच्यापुढे लहान वाटला, पारव्याच्या शेजारी मैना असावी तसा.

हे लिहिता लिहिता मलाच वाटायला लागलंय की काका बरोबर होते. फोटो खाली जोडलेत.

कादवाकाठ

फोटो बघितले. ताई, तुमचे काका बरोबर आहेत, हे पाचही व्हिस्कर्ड टर्न आहेत, विणीच्या पिसांत आलेले. पण तुमचं वर्णन फोटोपेक्षा चांगलं आहे, त्या करवंदावरच ओळख पटली होती.

आता थोडं सविस्तर लिहितो कारण दर उन्हाळ्यात नांदूरहून एक तरी "ब्लॅक-बेलीड" कुठल्यातरी ग्रुपवर येतोच आणि चूक समजण्यासारखी आहे. आपण व्हिस्कर्डला ओळखतो तो थंडीतला. तेव्हा तो खालून पांढरा, कपाळ पांढरं, डोक्यावर काळ्या रेघा आणि डोळ्यामागे काळा पट्टा, चोच काळी. हजारो माणसं नांदूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी येतात, त्यांनी हाच अवतार बघितलेला असतो. एप्रिल-मेमध्ये यायला फारसं कोणी तयार नसतं, ऊनच तसं असतं आपल्याकडे. आणि नेमकं तेव्हाच हे पक्षी परत जायच्या आधी कपडे बदलतात. टोपी पूर्ण काळी होते, पाठ आणि छाती राखाडी होते, पोट काळपट होतं आणि मधे गाल तेवढा पांढरा उरतो. त्याच गालावरून इंग्रजीत नाव पडलंय, कल्ले राखल्यासारखा दिसतो म्हणून. मग ते काश्मीर, गंगेचं खोरं, आसाम अशा भागांत दलदलीवर, तरंगणाऱ्या वनस्पतींवर घरटी करायला जातात. म्हणजे तुम्हाला मे महिन्यात दिसले ते जाता जाता थांबलेले, नवे कपडे घातलेले पाहुणे.

आता फरक. मी सगळ्यात आधी चोच बघतो. व्हिस्कर्डची विणीतली चोच आखूड आणि गडद लाल, लांबून काळीच वाटते, तुम्हाला वाटली तशीच. ब्लॅक-बेलीडची चोच लांबट, निमुळती आणि नारिंगी, लांबूनसुद्धा नारिंगीच दिसते, तिथे "काळी वाटली" असं कोणी म्हणणार नाही. चोच दिसली नाही तर शेपटी. ब्लॅक-बेलीडची शेपटी खोल दुभंगलेली, कडेची दोन पिसं सुतासारखी लांब. व्हिस्कर्डची आखूड, राखाडी, टोकाला जेमतेम खाच, पसरली तर ती खाचही जाते. आकारातही फरक आहे, व्हिस्कर्ड पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, ब्लॅक-बेलीड ३२-३३ च्या पुढे, आणि आपला नदी सुरय ३८ ते ४६. पण एकटा पक्षी हवेत असताना आकारावर विश्वास ठेवू नका, मोठमोठे फसतात. शेजारी दुसरा ओळखीचा पक्षी असेल तरच. तुमच्याकडे नदी सुरय शेजारी होता म्हणून जमलं.

पोटाचंच बघायचं असेल तर पोटाच्या मागे बघा. तुमच्या दुसऱ्या फोटोत पक्षी वळलाय, तिथे शेपटीच्या खालचा भाग बघा, पांढराफेक आहे, काळं पोट आणि शेपटी यांच्या मधे पांढरी चड्डी घातल्यासारखा. ही व्हिस्कर्डची फार चांगली खूण आहे. अजून एक म्हणजे व्हिस्कर्डचा राखाडी रंग गळ्याखालपासूनच गडद असतो, त्यामुळे पांढरा गाल कापून चिकटवल्यासारखा वेगळा उठून दिसतो. ब्लॅक-बेलीडमध्ये गळा पांढरा, मग छाती फिकट राखाडी, मग हळूहळू काळं होत पोटापर्यंत जातं.

आणि खाण्याची पद्धत तर तुम्हीच लिहिलीत. पाण्याच्या वर तरंगत जायचं आणि चोचीने वरच्यावर किडा, बेडकाचं पिल्लू, बारीक मासा टिपायचा ही व्हिस्कर्डची सवय, दलदलीतल्या पक्ष्याची. नदी सुरय आणि ब्लॅक-बेलीड नदीचे आहेत, वरून मान खाली घालून शोधतात आणि सूर मारतात. ब्लॅक-बेलीडही किडे टिपतो हे खरं, त्यामुळे एकट्या यावरून शिक्का मारू नका, पण चोच आणि शेपटी जोडीला असली की झालं.

शेकाट्या

मस्त माहिती. पण सर एक शंका, दोघांचं रूप इतकं सारखं तर मग हे अगदी सख्खे भाऊ म्हणायचे ना? ब्लॅक-बेलीड आणि व्हिस्कर्ड?

कादवाकाठ

नाही, गंमत तीच आहे. ब्लॅक-बेलीडचा सख्खा म्हणावा असा आपला नदी सुरय. दोघांचं कुळनाम स्टर्ना. दोघांचं शास्त्रीय वर्णनही एकाच माणसाने एकाच वर्षी केलंय, जॉन एडवर्ड ग्रे, १८३१. व्हिस्कर्ड वेगळ्या घरातला, क्लिडोनियस, म्हणजे दलदलीवरचे सुरय. या नावाचं मूळ ग्रीक भाषेत पाकोळीसाठी जो शब्द आहे त्यात आहे, उडणं बघितलं की पटतं. पूर्वी कितीतरी सुरय एकाच स्टर्ना कुळात कोंबलेले होते, २००५ मध्ये डीएनएवरचा अभ्यास आला त्यानंतर समुद्रावरचे तुरेवाले, छोटा सुरय, जाड काळ्या चोचीचा गल-बिल्ड असे बरेच जण वेगळे काढले गेले. त्यामुळे जुनं पुस्तक वापरत असाल तर नावं जुळणार नाहीत, घाबरू नका.

आणि सुगरणताई, तुम्ही चुकलात याचं वाईट वाटून घेऊ नका. व्हिस्कर्डचं शास्त्रीय नाव क्लिडोनियस हायब्रिडा. पॅलास नावाच्या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने १८११ मध्ये हे नाव दिलं, कारण त्याला हा पक्षी दोन वेगळ्या सुरयांचा संकर असावा असा वाटला होता. दोनशे वर्षांपूर्वी हातात पक्षी धरून त्याला हे वाटलं, तुम्ही तर पन्नास मीटरवरून बघत होतात.

दुर्बीणवाला

मी ब्लॅक-बेलीड बघितलाय म्हणून लिहितो, महाराष्ट्रात नाही, चंबळला. धोलपूरकडून बोटीने गेलो होतो, मार्च होता. वाळूचं एक लांब बेट, एका टोकाला दोन मगरी, पलीकडे घड्याल, मधे पाणचिरे बसलेले, आणि त्यांच्या कडेला नदी सुरयांची रांग. नावाडी म्हणाला त्या रांगेत एक बघा, बारीक आहे. मी चार वेळा दुर्बीण फिरवली, दिसेना. मग तो उठला, आणि उठल्याबरोबर कळलं. नदी सुरय उडतो तेव्हा त्याच्यात वजन आहे असं वाटतं, पिवळी चोच जाड, छाती भरलेली. हा उठला तो कागद उडावा तसा. चोच नारिंगी, उन्हात पेटल्यासारखी, पोट काळं, आणि शेपटीची दोन टोकं मागे लहरत होती, वळला की टोकं अर्धा क्षण उशिरा वळायची. आमच्या डोक्यावरून एक फेरी मारून परत त्याच रांगेत जाऊन बसला. बसल्यावर शेपटीची टोकं पंखांच्या बाहेर आलेली दिसत होती.

व्हिस्कर्ड बसलेला कधी नीट बघितलात तर लक्षात येईल, बसल्यावर पंखांची टोकं शेपटीच्या बाहेर येतात, शेपटी आत दडते. बसलेल्या पक्ष्याला मी हेच बघतो, रंग नंतर.

माझ्या आठवणीत तो एक पक्षी अजून आहे. तीन दिवस बोटीत होतो, नदी सुरय मोजता आले नाहीत इतके, हा एकच.

पाणकावळा_सातपूर

एक विचारू का, राग मानू नका. सुगरण यांनी ब्लॅक-बेलीड म्हणून नोंद केली असती तरी काय बिघडलं असतं? मी हे मनापासून विचारतोय, मी पण नवीनच आहे. एवढ्या लाखो नोंदी असतात, त्यात एक चुकली तर?

निफाडचा_गडी

राग कसला, विचारायलाच पाहिजे.

हे बघा दादा, समजा आपण पाच पक्षी चुकून घातले. पुढच्या वर्षी कोणी मेमध्ये नांदूरला आला, त्याच्या मोबाइलवर यादीत ब्लॅक-बेलीड दिसतो, म्हणजे इथे असतो, म्हणून त्याला दिसलेला काळ्या पोटाचा पक्षीही तो तोच समजणार. तीन वर्षांत कागदावर असं चित्र तयार होईल की नांदूरला हा पक्षी नियमित आहे, बरं चाललंय त्याचं. आणि खरं चित्र काय आहे? थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, तिकडून हा पक्षी जवळजवळ पुसलाच गेलाय. उरलाय तो मुख्यतः भारतात आणि आसपासच्या चारपाच देशांत, तोही मोठ्या नद्यांच्या वाळूवर. महाराष्ट्रात तर फार क्वचित. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तो नदी सुरयापेक्षाही वरच्या धोक्याच्या गटात आहे, आणि नदी सुरयाचं सुद्धा बरं चाललेलं नाही, त्यालाही आता असुरक्षित मानलंय. अशा पक्ष्याच्या नावावर व्हिस्कर्डचे आकडे चढले तर तो कमी होतोय हे कोणाच्या लक्षातच येणार नाही. जिथे खरंच शेवटचे उरलेत तिकडे लक्ष जायला पाहिजे ते भलतीकडेच जाईल.

म्हणून इ-बर्ड तपशील मागतं, त्यात अपमान काही नाही. आणि अगदीच ठरत नसेल तर नुसतं "टर्न" म्हणून जात न ठरवता नोंदवायची सोय आहे त्यात, ती वापरा. मी अजूनही वापरतो, विशेषतः थंडीत लांबून गेलेल्यांसाठी.

शेकाट्या

थंडीचा विषय निघाला म्हणून, ब्लॅक-बेलीडचं पोट वर्षभर काळं असतं का?

कादवाकाठ

नसतं, आणि हा मुद्दा राहिलाच होता, बरं झालं विचारलंत. विणीचा काळ संपला की त्याचं पोट पांढरं होतं, टोपी तुटक होते, कपाळ उजळतं आणि नारिंगी चोचीचं टोक काळं पडतं. मग तो व्हिस्कर्डसारखा नाही, लहान नदी सुरयासारखा दिसायला लागतो. आणि नदी सुरयाच्याही पिवळ्या चोचीचं टोक थंडीत काळसर होतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तिथे चोचीची जाडीच बघायची. नदी सुरयाची पिवळी आणि दणकट, याची नारिंगी आणि निमुळती. म्हणजे बघा, ज्या काळ्या पोटावरून नाव ठेवलंय ते पोट अर्धं वर्ष असतच नाही आणि असतं तेव्हा ते दुसऱ्याकडेही असतं. नाव विसरा आणि चोच बघा असं मी आमच्या शाळेच्या पोरांना सांगायचो.

गोदाकाठचा_शेतकरी

मी पक्षीमित्र वगैरे नाही, आमची द्राक्षबाग आणि थोडा ऊस नदीच्या कडेला आहे, नांदूरच्या वरच्या अंगाला. सुगरणताईंची पोस्ट वाचली म्हणून लिहितोय.

नदी सुरय आमच्याकडे उन्हाळ्यात अंडी घालतो. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी पाणी उतरलं आणि पात्रात गोटे-वाळूचा एक उंचवटा उघडा पडला, आमच्या मोटारीपासून दीडशे पावलांवर असेल. मी मोटार बघायला गेलो की दोन पक्षी डोक्यावर यायचे, ओरडत, एकदा तर टोपीला चोच लागली. मग कळलं की तिथे काहीतरी आहे. सकाळी लवकर लांबून बघितलं तर घरटं असं काही नाहीच, वाळूत नुसता खोलगट वाटीएवढा खड्डा आणि त्यात तीन अंडी, मातकट हिरवट, वर तपकिरी ठिपके, गोट्यांत अशी मिसळलेली की नजर हलली तर परत सापडत नव्हती. मी दुपारी बारा वाजता बघितलं, तापमान चाळीसच्या वर, मादी म्हणा की नर, जो कोण होता तो अंड्यांवर पंख जरा उचलून बसलेला, चोच उघडी, धापा टाकत होता. मधेच दुसरा यायचा, त्याचं पोट ओलं असायचं, तो बसायचा आणि हा उडायचा. मी घरी बायकोला सांगितलं, बघ, हे अंड्यांना ऊब नाही देत, सावली देतायत.

पुढे पंधरा दिवसांनी आवर्तन सुटलं. शेतीला पाणी लागतं, आमच्याही बागेला लागतं, त्यामुळे कोणाला बोल लावावा असं नाही. संध्याकाळी पाणी चढायला लागलं, सकाळी उंचवटा दिसत नव्हता. दोघं पक्षी दोन दिवस त्या जागेवर पाण्यावरून घिरट्या घालत होते.

गेल्या वर्षी आले नाहीत. या वर्षी जरा खाली, दुसऱ्या जागी बसलेत असं वाटतंय, मी जवळ गेलेलो नाही. कुत्री फिरतात म्हणून मोटारीकडे जाणारी वाट तेवढी काट्यांनी बंद केलीय.

दुर्बीणवाला

दादा, काटे टाकलेत हे फार मोठं काम केलंत. आणि ओल्या पोटाचं जे लिहिलंत ते अगदी बरोबर निरीक्षण आहे, पोट भिजवून येऊन अंडी गार ठेवतात.

ब्लॅक-बेलीडचंही नेमकं हेच दुखणं आहे, तोही अशीच उघड्या वाळूवर फेब्रुवारीपासून अंडी घालतो. धरणाचं पाणी, वाळूउपसा, नदीपात्रातली शेती, कुत्री, कावळे, सगळं त्याच चार महिन्यांत त्याच वाळूवर येतं. नदी सुरय निदान धरणाच्या बॅकवॉटरमधल्या बेटांवर तरी जमवून घेतो, कर्नाटकात भद्रा धरणात बेटांवर त्यांची मोठी वसाहत होते, तिथेही पाण्याची पातळी बदलली की हाच प्रश्न येतो. ब्लॅक-बेलीडला तेवढंही जमलेलं दिसत नाही, तो वाहत्या नदीला धरून राहिला. व्हिस्कर्डचं घरटंच तरंगतं, पाणी चढलं तर घरटंही बरंचसं वर येतं, त्याचं त्यामुळे बरं चाललंय.

एक विनंती, जागा नेमकी कुठली ते इथे लिहू नका, फोटो काढायला गर्दी होईल.

सुगरण_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल परत जाऊन आले, मिस्टरांनी हाफ डे टाकला. या वेळी मी पोटाकडे बघायचंच नाही असं ठरवून गेले होते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाण्यात दोन वाळलेली बाभळीची खोडं उभी आहेत, त्यावर एक नदी सुरय आणि शेजारच्या खोडावर एक व्हिस्कर्ड, दोघंही वीसेक मिनिटं बसले होते, माझ्यासाठीच बसल्यासारखे. दुर्बीणवाला सर, तुम्ही म्हणालात तसंच, नदी सुरयाच्या शेपटीची दोन टोकं पंखांखालून बाहेर आलेली आणि व्हिस्कर्डच्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे कात्रीसारखी एकमेकांवर. शेपटीखालचं पांढरंही दिसलं. नदी सुरय उठला, वर जाऊन थांबला, मान खाली, आणि सरळ पाण्यात, थेंब उडाले. व्हिस्कर्डने तेवढ्या वेळात बसल्या बसल्या आठ वेळा पिसं साफ केली.

मागच्या रविवारची यादी व्हिस्कर्ड ५, नदी सुरय २ अशी भरली, फोटोसकट. काकांनाही कळवलं. ग्रुपवर चूक झाली म्हणून लिहिलं तर अजून दोघांनी आपापले जुने मे महिन्यातले फोटो काढून तपासले, एकाचा ब्लॅक-बेलीड तीन वर्षांनी व्हिस्कर्ड झाला.

आता एक गोष्ट सांगायची आहे. घरी आल्यावर मी हे सगळं जेवताना सासऱ्यांना सांगत होते, गोदाकाठच्या दादांचं अंड्यांचंही वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकता जेवायचे थांबले. म्हणाले, आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खरबुजाच्या वाड्या असायच्या, राखायला आम्हा पोरांना बसवायचे, आणि वाळूच्या शेवटाला गेलं की हे पक्षी असेच डोक्यावर यायचे, आम्ही डोक्यावर पाटी धरून पळायचो. म्हणजे १९६०-६५ च्या सुमाराचं असेल. मी म्हटलं, बाबा पिवळ्या चोचीचे ना, मोठे? तर म्हणाले मोठे होतेच, पण त्यांच्यात बारकेही होते, त्यांचं पोट काळं होतं.

मी त्यांना पुस्तकातलं चित्र अजून दाखवलेलं नाही. सर, काय विचारू?

कादवाकाठ

दाखवू नकाच, चित्र दाखवलं की ते "हाच" म्हणतील, कोणीही म्हणेल.

आधी महिना विचारा. खरबुजाच्या वाड्या म्हणजे फेब्रुवारी ते मे, त्यात अंडी त्यांनी बारक्यांचीही बघितली होती का, की फक्त मोठ्यांची? कारण व्हिस्कर्ड आपल्याकडे वाळूवर अंडी घालत नाही. बारके पक्षी वाळूवर बसून डोक्यावर येत असतील तर गोष्ट वेगळी होते. मग चोच विचारा, पण रंगाचं नाव तुम्ही घेऊ नका, "चोच कशी होती" एवढंच विचारा. शेपटीही तशीच.

सुगरण_नाशिक

आज सकाळी चहा घेताना विचारलं, तुम्ही सांगितलं तसंच.

महिना चैत्र, कारण गावच्या यात्रेच्या आधी वाडी राखायचं काम असायचं. अंडी बघितली होती, पण कुठली कोणाची ते नाही सांगता येत म्हणाले, सगळी एकाच वाळूवर होती. डोक्यावर मोठेही यायचे आणि बारकेही. चोच आठवत नाही, बराच वेळ डोळे मिटून बसले होते, नाही आठवत म्हणाले. शेपटीचं मात्र न विचारता हाताने दाखवलं, दोन बोटं ताणून लांब केली आणि म्हणाले "अशी, दोन दोऱ्यांसारखी. दोघांचीही."

कादवाकाठ

दोघांचीही म्हणाले?

ताई, एका कागदावर हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, गावाचं नाव, साल अंदाजे, चैत्र, वाळू, दोन बोटं. खाली त्यांची सही घ्या. इ-बर्डवर टाकायचं नाही, पण लिहून ठेवा. आणि बाबांना त्रास होणार नसेल तर मला एकदा त्यांना भेटायला आवडेल, निफाडहून नाशिकला मी गुरुवारी येतोच आहे.

सुगरण_नाशिक

या ना सर, जेवायलाच या. बाबांना सांगितलं, ते म्हणाले त्यांना नदीवरच घेऊन चल, तिथे मला जास्त आठवेल.